तेरा नंबरचे फाउल

८ सप्टेंबर, सोमवार

विसर्जनाचे ढोल अजून कानात आहेत, आणि हॉलमध्ये आज फक्त बुटांची चरचर होती. पंचांचा वर्ग घेणाऱ्या वर्षाराणी मॅडम म्हणाल्या होत्या, "नियम तुला पाठ आहेत, क्रांती. आता पुस्तक मिट आणि चांगले खेळाडू बघ. बघितल्याशिवाय पंचाचा डोळा बसत नाही." म्हणून आजपासून जायला लागले. बास्केटबॉलच्या लीगमध्ये खेळणारी आपल्याकडची पोरं, कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागातली, पुण्याचं शिबिर सुरू व्हायच्या आधी इथल्या एका कॉलेजच्या हॉलवर आपापली जमतात. प्रशिक्षक नाही, पंच नाही, गणवेश नाही. एकजण बनियनवर खेळतो. एकाच्या दोन पायांत दोन रंगांचे मोजे. कोपऱ्यात स्पीकरवर गाणी, आणि मधूनच एखादा पैसे घेऊन खेळणारा मोठा खेळाडू त्या गाण्यावर नाचतो.

टीव्हीवर हा खेळ सपाट दिसतो. गॅलरीतून वेगळाच दिसला. ही माणसं चेंडूशी कमी आणि एकमेकांच्या अंगाशी जास्त खेळतात. खांदा, कंबर, पाऊल. मला ते दिसतं, आणि त्याबद्दल मला काडीची शंका नाही. लहानपणी दम्यामुळे पाचवीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. वडिलांनी, आण्णांनी, घरी शिकवलं. अक्षरओळख कुस्त्यांच्या मैदानांच्या पोस्टरवरून, बेरीज-वजाबाकी पैलवानांच्या वजनांवरून. संध्याकाळी तालमीत मातीच्या हौद्याच्या कडेला बसायचं आणि कुणाचा भार कुठल्या पायावर आहे ते सांगायचं, हा गृहपाठ. आण्णा जत्रेच्या मैदानांत पंच असतात. "आधी पाय बघ, तोंड मागनं," हे त्यांचं पहिलं वाक्य मला आठवतं.

तेव्हा अडचण दिसण्याची नाही, शिट्टीची आहे. मार्चमध्ये प्रात्यक्षिक परीक्षेत सगळे फाउल दिसले. शिट्टी तोंडात होती. वाजली नाही. दिसलं ते खरंच तसं होतं का, कुणावर अन्याय तर होत नाही ना, असा विचार करेपर्यंत खेळ दुसऱ्या टोकाला गेलेला असायचा. एकवीस तारखेला दुसरी संधी आहे. तीही गेली तर तीन वर्षं बसता येणार नाही.

म्हणून हे लिहायचं. काय दिसलं ते, आणि मी काय केलं ते. गोड करून नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

यांची एक पद्धत फार आवडली. पंच नसतो, म्हणून ज्यानं फाउल केला त्यानंच हात वर करायचा. कुणी विचारायचं नाही. कबनूरचा सम्राट, लांबच लांब हातांचा पोरगा, दर दोन मिनिटांनी हात वर करतो. पुण्याला राहून आलेला राजवीर हात वर करतो, पण आधी आढ्याकडं बघून उसासा टाकतो.

लीगची जुनी जर्सी घालून येणाऱ्या तेरा नंबरवाल्यांचा हात एकदाही वर गेला नाही. शशिधरदादा. गडहिंग्लजकडचे, चौतिशीचे, सगळ्यांत थोरले. ते लबाडी करतात की काय म्हणून मी मुद्दाम त्यांच्यावरच नजर ठेवली. लबाडी नव्हती. ते फाउल करतच नाहीत. समोरचा जिथं जाणार तिथं ते आधीच उभे असतात, हात पाठीशी बांधल्यासारखे.

पाणी प्यायला ते गॅलरीखाली आले आणि वर बघून म्हणाले, "काय बघालीस, पावणं?"

"पंच व्हायचंय. शिकायला आलेय."

"परीक्षा दिलीस?"

"एकदा. नापास झाले."

"का?"

खोटं बोलता आलं असतं. "शिट्टी वाजली नाही."

"खराब हुती?"

"शिट्टी चांगली होती."

"मग दिसलं न्हाय?"

"दिसलं होतं."

त्यांनी उरलेलं पाणी डोक्यावर ओतलं. "दिसलंतं, तर मग कुणाला विचारत बसलीस?"

 

११ सप्टेंबर, गुरुवार

आज मान खाली घालण्यासारखं झालं आणि मी अजून हसते आहे.

राजवीर आणि सम्राट यांचं एका फाउलवरून जुंपलं. दोघांचेही हात खाली. शशिधरदादांनी ओरडून सांगितलं, "ए तंगी, खाली ये. शिट्टी हाय न्हवं खिशात?" त्यांच्याकडं धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. मी गेले. बोलावल्याबरोबर गेले, हे लिहून ठेवते.

थोड्या वेळानं रेषेजवळ एक चेंडू दोघांच्या मिठीत सापडला. सम्राटचे हात राजवीरच्या हातांवर, चेंडू मध्ये, दोघं वाकलेले, कुणी सोडेना. अशा वेळी शिट्टी वाजवून दोन अंगठे वर करायचे आणि ज्याची पाळी असेल त्याला चेंडू द्यायचा. हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. पण समोर दोन माणसं एकमेकांना धरून कडेला गेलेली दिसली आणि माझं अंग तालमीत गेलं. मी दोघांच्या पाठीवर थाप मारली, म्हणाले, "आहे तसंच धरा, पकड सोडू नका," आणि त्या दोन सव्वासहा फुटी माणसांना तशीच वाकलेली चालवत मैदानाच्या मध्यभागी आणलं. हात बाजूला केला आणि म्हणाले, "हं! लढा!"

आपण काय केलं ते मला तेव्हा कळलं. कडेला गेलेली कुस्ती अशी मध्ये आणून सोडतात, बास्केटबॉल नव्हे.

 मग असा हशा उसळला की स्पीकरचं गाणं ऐकू येईना. पण गंमत म्हणजे ते दोघे खरंच लढले. सम्राटनं कंबर फिरवून चेंडू काढून घेतला आणि दोन्ही हात वर करून फिरला, डोक्यावर फेटा चढल्यासारखा.

"बाई, आखाडा कुठं आणि कोर्ट कुठं!" राजवीर खाली बसून हसत होता.

शशिधरदादा म्हणाले, "हसतोस काय? नियम बेस्ट हाय. आजपासनं हितं हाच."

घरी सांगितल्यावर आण्णांनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला. "पकड तीच ठेवलीस, का हलली?"

"तीच."

"मग चुकलं काय?"

१३ सप्टेंबर, शनिवार

आता रोज मीच शिट्टी वाजवते. त्यांनी हात वर करायची पद्धत बंद केली. "पंच हाय की आता," शशिधरदादा म्हणाले. मला वाटलं होतं की हळूहळू सोपं जाईल.

आज तेरा नंबरनं फाउल केला. मला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. सम्राट उडी मारायला वाकला आणि यांनी त्याच्या पाठीवर तळवा ठेवला. जोरात नाही, पण ठेवला. माझ्या समोर, चार हातांवर. हा माणूस फाउल करत नाही, मग हा फाउल कसा, असं मनात आलं, आणि तेवढ्यात बास्केटही होऊन गेली. मग मी शिट्टी वाजवली.

सगळे थांबून माझ्याकडं बघायला लागले. शशिधरदादा कमरेवर हात ठेवून म्हणाले, "आमच्याकडं चंदगडची यष्टी असते. घाटात दरड कोसळली तरी एवढी लेट येत न्हाय."

कानशिलं तापली. पण शिट्टी उशिरा आली हे खरं आहे. आणि आली हेही खरं आहे.

१५ सप्टेंबर, सोमवार

तेरा नंबरचे आज तीन फाउल. एकदा बनियन धरलं, चेंडू दुसऱ्या बाजूला असताना, पाठीमागून, कुणालाही दिसलं नसतं. नशीब की मी नेमकी त्याच बाजूला उभी होते. लगेच वाजवली. एकदा कोपर. एकदा पुन्हा बनियन. तिन्ही वेळा मी जवळच होते. जागा घेणं मला आता चांगलं जमायला लागलंय असं म्हणायला हरकत नाही.

"कुठं धरलं?" ते म्हणाले.

"डाव्या हातानं. कमरेपाशी."

"दिसलं तुला?"

"दिसलं."

ते पुटपुटत गेले. राजवीर माझ्या शेजारून जाताना म्हणाला, "कमाल आहे. या माणसाला मी अख्ख्या सीझनमध्ये कुणाचं बनियन धरताना पाहिलं नाही." 

मी विचार केला आणि कारण सापडलं. वय. पाय मागं पडायला लागले की माणूस हातानं काम भागवतो. तालमीत हे कितीदा पाहिलंय. म्हातारा होत चाललेला पैलवान आधी लंगोट धरायला लागतो. फार वाईट वाटलं. हे शिबिरात दिसलं तर त्यांचं काय होईल?

१७ सप्टेंबर, बुधवार

काल दिवसभर तेच डोक्यात होतं, म्हणून रात्री जेवताना आण्णांना विचारलं. "थकत चाललेल्या पैलवानाला पंचानं थोडं सांभाळून घ्यावं का?"

आण्णांनी भाकरी खाली ठेवली. "का? ते काय मांडीवरचं पोर हाय? तू सांभाळून घेतलंस म्हंजे त्याला सांगितलंस, बाबा, तुझं संपलं. तेवढा अपमान त्याचा शत्रू बी करणार न्हाय."

आई म्हणाली, "आणि भाकरी गार व्हालीय."

तेव्हा आज मी कुणाचीही गय केली नाही. आणि आजचे फाउल बारीक होते. सोबत्याला वाट मिळावी म्हणून खेळाडू समोरच्याच्या वाटेत खांबासारखा उभा राहतो, त्याला स्क्रीन म्हणतात. खांब हलला की फाउल. शशिधरदादांचं अंग हललं नाही. टाच हलली, दोन बोटं. पहिल्यांदा मला ते वाजवता आलं नाही, कारण मी खांदे बघत होते. ते थांबले, माझ्याकडं पाहिलं, आणि पुढच्या खेपेला त्याच जागी तेच केलं. तोवर मी पायांवर आले होते. वाजवली.

एवढा अनुभवी माणूस आणि तीच चूक दोनदा. मला खरंच कीव आली.

सम्राटला बाजूला घेऊन विचारलं, "इथं काय चालतं ते शिबिरात कळतं का रे? माझ्या शिट्ट्यांमुळं शशिधरदादांचं नुकसान नको व्हायला."

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी भलतंच बोलले. "कुणाचं नुकसान?"

"त्यांचे फाउल फार वाढलेत. वयामुळं."

सम्राटच्या तोंडातलं पाणी नाकातून आलं. तो हसत हसत भिंतीपर्यंत गेला आणि परत आला. "न्हाय, ताई. न्हाय कळत. तू वाजीव बिनधास्त." आणि पुन्हा गेला.

ही मुलं आपल्यातल्या थोरल्याबद्दल इतकी निष्ठुर असतील असं वाटलं नव्हतं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज शशिधरदादा माझ्यावर ओरडले. खरं ओरडणं, हॉल घुमेल असं. ढकलल्याचा फाउल दिला होता, अगदी स्पष्ट होता.

"हे ढकलणं? ह्याला ढकलणं म्हणतात? आमच्या म्हशी दावणीला ह्याच्यापेक्षा जास्त ढकलतात एकमेकीला!"

"तेरा नंबर. ढकलणं."

"तेरा नंबर काय तेरा नंबर! नाव न्हाय मला?"

मी त्यांच्याकडंच बघत राहिले. तर वर आणखी म्हणाले, "माझ्या थोबाडाकडं काय बघतीस? हितं काय लिवलंय? तिकडं टेबलावर कोण सांगणार, तुझी मावशी?"

अपमान झाला. मी बाहेर जाऊन तोंड धुऊन आले. पण गोड करून लिहायचं नाही असं ठरलं आहे, म्हणून हेही लिहिते की त्यांचं म्हणणं बरोबर होतं. फाउल दिला की खेळाडूकडं पाठ फिरवून सरळ गुणलेखकांच्या टेबलाकडं जायचं, नंबर दाखवायचा, संपलं. मी मात्र ज्याला फाउल दिला त्याच्या चेहऱ्यावर माफी शोधत उभी राहते. मार्चमध्येही हेच करत असणार. मला कुणी सांगितलं नव्हतं.

परत येऊन आणखी दोन फाउल दिले, दोन्ही त्यांनाच. ते ओरडत राहिले, मी भिंतीजवळच्या रिकाम्या टेबलाकडं गेले. त्यांचं ओरडणं पाठीवर पडलं की तोंडावर पडण्यापेक्षा पुष्कळ हलकं लागतं.

एकच काळजी आहे. परवा परीक्षेचा सामना याच खेळाडूंचा आहे. पांढरे आणि निळे असे दोन संघ करून ते लोकांसाठी खेळणार, आणि त्यावर आमचं प्रात्यक्षिक. या माणसानं पुण्याच्या परीक्षकांसमोर असं केलं तर? माझ्यावर त्यांचा राग आहे, हे उघड आहे. मी काय वाकडं केलं त्यांचं?

२१ सप्टेंबर, रविवार

हात अजून गरम आहेत. क्रमानं लिहिते.

हॉल भरलेला. कबनूरची मंडळी सम्राटसाठी हलगी घेऊन आली होती. आण्णा सगळ्यात वरच्या पायरीवर, इस्त्रीचा फेटा बांधून, जसे काही स्वतःच मैदानात उतरणार आहेत. दोन परीक्षक टेबलाशेजारी. शशिधरदादा आणि सम्राट पांढऱ्यात, राजवीर निळ्यात.

पहिली शिट्टी वेळेवर वाजली. दुसरीही. मग मी शिट्टीचा विचार करायची थांबले. एकदा चेंडू दोघांच्या मिठीत अडकला, तर सम्राट आणि राजवीर सवयीनं तसेच वाकून, पकड न सोडता, मला मध्ये घेऊन जा म्हणून थांबले. मी दोन अंगठे वर केले आणि निळ्यांकडं बोट दाखवलं. दोघे फार हिरमुसले.

शेवटचं मिनिट. पांढरे एका गुणानं मागं. चेंडू सम्राटकडं, त्याच्या वाटेत निळ्याचा माणूस, आणि त्या माणसाच्या वाटेत स्क्रीन लावून शशिधरदादा. सम्राट वळसा घालून निघाला. दादांची टाच हलली आणि कमरेचा एक हलका झोका निळ्याला लागला. सम्राट उडाला, चेंडू जाळीत, हलगी कडाडली, सगळा हॉल उभा.

शिट्टी मी आधीच वाजवली होती. सम्राट उडायच्या आधी.

बास्केट रद्द. तेरा नंबर, पांढरा. टेबलाकडं गेले, दाखवलं. हॉलमधून जो आवाज आला तो मी पूर्वी कधी ऐकला नव्हता, म्हणजे माझ्याविरुद्ध.

आणि मग ते आलेच. धावत, दोन्ही हात पसरून. "हलगीच्या आवाजात शिट्टी वाजवायचा सोस आला काय तुला? बास्केट झालीया! हितं मॅच चाललीया, शिट्टीचा बाजार न्हवं!"

"तेरा नंबर, बस. खेळा."

"न्हाय खेळत! आधी सांग, आखाड्यातनं आलेली पोर आमाला बास्केटबॉल शिकवणार? कुणी दिली ही शिट्टी तुला?"

मार्चमधली मी असते तर इथं विचार केला असता. सगळे म्हणतात बास्केट होती, एवढे लोक चुकतील का, हे माझ्याहून अनुभवी आहेत, हलली का टाच खरंच. आज यातलं काहीच आलं नाही. टाच हलली होती. आणि पंचाशी असं बोलत नाहीत. मी शिट्टी वाजवली, दोन्ही हातांनी टी केला, आणि टेबलाला सांगितलं. तेरा नंबर, टेक्निकल फाउल.

ते तिथंच थांबले, अगदी एकदम, जसं कुणी नळ बंद करावा. वळले आणि बाकाकडं गेले. पाठमोरे होते, चेहरा दिसला नाही. सम्राट बाकाशेजारी टॉवेलमध्ये तोंड खुपसून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते. जिंकून देणारी बास्केट गेली, रडणारच. वाईट वाटलं, पण बास्केट नव्हती ती.

निळ्यांनी फ्री थ्रो टाकला. पांढरे दोन गुणांनी हरले.

परीक्षकांनी सगळ्यांना बोलावून एकेकाला सांगितलं. माझ्या वेळेला त्यांतल्या थोरल्या बाई म्हणाल्या, "शेवटच्या मिनिटापर्यंत तू उत्तीर्ण होतीसच. शेवटच्या मिनिटानंतर आम्हाला चर्चा करायची गरज राहिली नाही."

उत्तीर्ण. राज्य पंच.

आण्णांना सांगायला वर गेले तर ते खाली उतरत होते, पावलं मोजून टाकत. मला म्हणाले, "टाच."

मी म्हटलं, "व्हय, टाच."

"हितनं दिसली मला," असं म्हणून त्यांनी फेटा काढला आणि त्यानंच डोळे पुसले.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. पुण्याची गाडी दुपारची होती, तर त्याआधी शशिधरदादा आणि सम्राट घरी हजर. आण्णांना नमस्कार केला, शेजारची तालीम बघितली, हौद्यातली माती बोटानं चिमटून बघितली. मी चहा घेऊन गेले. ते काल काय बोलले त्याबद्दल माफी मागतील असं वाटत होतं. नाही मागितली. उलट आण्णा आणि ते जुने दोस्त असल्यासारखे हसत होते, आणि मी आल्यावर गप्प झाले.

मला गप्प राहवेना. "दादा, कालचा टेक्निकल मी मागे घेणार नाही."

"घेतलास तर परत तोंड दाखवणार न्हाय तुला," ते म्हणाले, आणि चहा बशीत ओतला.

मग मी मनातलं सांगून टाकलं. की शिबिरात जपा, टाचेकडं लक्ष द्या, बनियन धरायची सवय वाईट, तरुण पंच फार कडक असतात आताशा. सम्राट उठून परसात गेला. शशिधरदादांनी सगळं मान खाली घालून ऐकलं आणि म्हणाले, "व्हय, तंगी. ध्यानात ठेवतो."

वर्षाराणी मॅडमचा फोन आला. सोळा वर्षांखालील मुलींची जिल्हा स्पर्धा आहे, पहिला सामना मला दिलाय. आत्ताच गणवेश इस्त्री करून ठेवला.

एक गोष्ट मात्र मला उमगत नाही. इतक्या वर्षांचा मुरलेला खेळाडू. एवढं मोठं कोर्ट. आणि फाउल करायची वेळ आली की हा माणूस दर वेळी नेमका माझ्या पुढ्यातच येऊन कसा उभा राहायचा? जरा पलीकडं केला असता तर अर्धे तरी सुटले असते.

नाही, सुटले नसते. मी तिथंही पोचले असते.